दिवेआगरचें बन, देवीची राई आणि आपल्या वाड्या

शहरवासी ज्यास उद्यान म्हणतात तशी आंखलेली, कुंपण घातलेली आणि माळी ठेवून राखलेली जागा कोंकणच्या समुद्रकांठच्या खेड्यांत सहसा आढळावयाची नाहीं. म्हणून तेथें सार्वजनिक हिरवळच नाहीं असें मात्र नव्हे. देवळापुढील पार, पुळणीवरील सुरूचें बन, केतकीच्या जाळ्या आणि देवीच्या नांवानें राखलेली राई ह्या जागा मिळून किनाऱ्यावरील गांवाचें उद्यान होतें. शहरांतील उद्यान मोडलें तर लोकांचें सायंकाळचें फिरणें बुडतें. येथें बन मोडलें तर वाडी उघडी पडते आणि राई तुटली तर झरा आटतो. ह्या दृष्टीनें रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांतील दिवेआगर ह्या गांवाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गांव लहान असलें तरी जुनें आहे. शके 982 म्हणजे इ. स. 1060 मधील मराठी ताम्रपट येथीलच होय. 1948 पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानांत मोडत असे. नारळी-पोफळींच्या बागेस कोंकणांत आगर म्हणतात, आणि तो शब्द गांवाच्या नांवांतच आहे. पश्चिमेस समुद्र, त्यालगत सुमारें चार किलोमीटर लांबीची पुळण, पुळणीच्या वरच्या अंगास सुरू व केवडा, त्यामागें वाड्या व घरें, आणि त्यापलीकडे भातखाचरें व डोंगर, अशी एकंदर रचना आहे. समुद्राकडून गांवांत शिरूं लागलें कीं पन्नास-शंभर पावलांत वाऱ्याचा आवाज बदलतो. हा बदल ज्यानें कान देऊन ऐकला त्यास बनाचें मोल निराळें सांगावयास नको.

सुरू हें झाड आपलें मूळचें नव्हे. अंदमान, पूर्वेकडील बेटें व ऑस्ट्रेलिया हा त्याचा देश. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कारवारच्या बाजूस सुरू झाली आणि पुढें कोंकणपट्टीत ठिकठिकाणीं तीं बनें उभीं राहिलीं. त्याचे गुण मोठे आहेत. खाऱ्या वाऱ्यास तें दाद देत नाहीं, नापीक रेतींत झपाट्यानें वाढतें, आणि त्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र धरून ठेवितात. परंतु त्याचे अवगुणही बागाइतदारानें जाणले पाहिजेत. त्याखालीं सुयांसारख्या काड्यांचा जाड थर सांचतो व त्यांतून दुसरें रोप सहसा वर येत नाहीं. उन्हाळ्यांत तो थर एका ठिणगीनें पेटतो. शिवाय भरतीच्या रेषेस अगदीं लागून सुरू लाविला म्हणजे अंडीं घालण्यास येणाऱ्या कांसवांस मोकळी रेती उरत नाहीं.

ह्या झाडाची खरी परीक्षा ता. 3 जून 2020 रोजीं झाली. निसर्ग नांवाचें चक्रीवादळ त्या दिवशीं दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें. वाऱ्याचा वेग तासास 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन तालुक्यांतील पोफळी काड्या मोडाव्या तशा मोडल्या, नारळ उन्मळले, आणि सुरूचीं झाडेंही असंख्य आडवीं झालीं. नवी पोफळ फळावर येण्यास पांच-सात वर्षें लागतात आणि नारळास बहुधा त्याहूनही अधिक. म्हणजे दोन प्रहरांच्या वादळानें कित्येक घरांचें अर्ध्या तपाचें उत्पन्न नेलें. सुरू पडला म्हणून तो निरुपयोगी असा निष्कर्ष पुष्कळांनीं काढला. आमच्या मतें तो बरोबर नाहीं. अशा वादळापुढें कोणतेंही बन सर्वस्वीं टिकेल असें म्हणतां येत नाहीं. पण एकाच जातीचें, एकाच वयाचें व रेतींत उथळ मुळें धरून उभें असलेलें बन इतरांपेक्षां लवकर पडतें, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

वाऱ्याचा आडोसा कसा असावा ह्याविषयीं आपल्या लोकांत एक गैरसमज आहे. आडोसा भिंतीसारखा घट्ट असावा असें त्यांस वाटतें. वस्तुतः घट्ट भिंतीवरून उसळून आलेला वारा मागील बाजूस भोवरे करितो व तेथेंच नुकसान अधिक होतें. निम्मा वारा अडवून निम्मा गाळून सोडणारी झाडांची पट्टी उत्तम. अशी पट्टी आपल्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत मागील बागेस आसरा देते. तीस फूट उंचीची रांग असेल तर तीनशें ते साडेचारशें फुटांपर्यंत, असा हिशेब धरावा.

जुन्या लोकांनीं ही पट्टी कशी बांधिली होती तें पुळणीवर अजून तुकड्यातुकड्यांनीं दिसतें. सर्वांत पुढें मर्यादवेल व रावणमिशा. त्यांचें काम वारा अडविण्याचें नव्हे. उडणारी रेती जागच्या जागीं धरण्याचें. मागें केतकी. दिवेआगरच्या केवड्याचा लौकिक त्याच्या कणसामुळें झाला आहे, परंतु आधारमुळ्या रोवून रेतींत पाय घट्ट करणारी ही जाळी कणसाहून अधिक मोलाची आहे. तिच्यामागें उंडी, करंज आणि भेंड. उंडी सावकाश वाढते, म्हणून ती लावण्यास कोणी धजत नाहीं. परंतु खाऱ्या वाऱ्यांत सदा हिरवी राहणारी अशी दुसरी जात थोडी. तिच्या बियांचें कडू तेल पूर्वीं दिव्यास आणि होड्यांस लावीत. सुरूची जागा ह्या सर्वांच्या मागें, मिश्र रांगेंत असावी. आज पुष्कळ ठिकाणीं क्रम उलटा झाला आहे. सुरू पुढें, मागें कांहींच नाहीं, आणि मर्यादवेलीवरून प्रवाशांच्या मोटारी जातात. प्रवासी आल्यानें घरोघर पैसा आला ही गोष्ट चांगलीच आहे. तथापि ज्या वेलीनें रेती धरिली आहे तीवर चाकें फिरविण्याची मोकळीक त्यांस कोणीं दिली, हें ग्रामसभेंत विचारलें पाहिजे.

आतां पाण्याविषयीं. पुळणीमागच्या गांवांत विहिरीचें गोडें पाणी हें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. गोडें पाणी हलकें, खारें जड. समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याचा एक फूट थर असेल तर पातळीखालीं त्याचा सुमारें चाळीस फूट सांठा असतो, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. त्याची दुसरी बाजू भयंकर आहे. पंप लावून वरची पातळी एक फूट उतरविली तर कालांतरानें खालचें खारें पाणी चाळीस फूट वर चढूं पाहतें. रहाटाच्या काळीं हें भय नव्हतें, कारण बैल थकत असे. पंप थकत नाहीं. म्हणून पावसाचें पाणी जमिनींत जिरविणारी प्रत्येक जागा वाडीवाल्यानें आपलीच समजावी.

अशी जागा म्हणजे देवराई. ह्याच तालुक्यांतील गाणी गांवच्या काळकाई देवीच्या राईची हकीकत सांगण्यासारखी आहे. 1970 च्या सुमारास ती तोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हां राई गेली कीं आमचा झरा गेला, हें ओळखून गांवकऱ्यांनींच ती वांचविण्याकरितां पुण्याच्या शास्त्रज्ञांकडे धांव घेतली. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ हे त्या काळीं महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करीत होते; त्यांचा ह्या विषयावरील निबंध 1976 मध्यें प्रसिद्ध झाला. भोंवतालचे डोंगर उघडे पडले असतां मध्येंच एक काळाभोर ठिपका दिसावा, त्यांत गारंबीचे मांडीएवढे वेल झाडांवरून लोंबत असावे आणि पायाखालीं माती ओली लागावी, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस झऱ्याचें कारण विचारावें लागत नाहीं. देवीच्या कोपाचें भय आतां तरुण पिढीस उरलेलें नाहीं. त्याबद्दल आम्हांस खेद नाहीं. मात्र भयाच्या जागीं हिशेब आला पाहिजे, तो अद्याप आलेला नाहीं.

येथें एक व्यवहाराची गोष्ट. कोंकणांत कित्येक राया लोक देवस्थानच्या समजतात, पण सातबाराच्या उताऱ्यावर नोंद सरकारची असते. आपल्या गांवची राई, पुळण व पाराची जागा कोणाच्या नांवें आहे, हें तलाठ्याकडून उतारा काढून एकदां पाहून ठेवावें. तंटा उभा राहिल्यावर कागद शोधणें महाग पडतें.

पाराविषयीं फारसें लिहीत नाहीं. वड-पिंपळ आपली काळजी आपण घेतात; फक्त बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून त्यांचीं मुळें कोंडूं नयेत.

ज्यांची वाडी समुद्रास लागून आहे त्यांनीं येत्या पावसाळ्यांत निदान एक रांग लावावी. उंडीचीं पक्व फळें झाडाखालीं पडलीं कीं वेंचावीं, गर काढून वाळवावीं आणि आंतील बीस धक्का न लावतां कवच हलक्या हातानें फोडून पिशवींत पेरावीं. अख्खें फळ उगवण्यास फार दिवस घेतें. करंजाचें बी पहिल्या पावसांत जागेवरच टोंचलें तरी चालतें. केतकीचे फुटवे आणि मर्यादवेलीचे गांठीसह तुकडे शेजाऱ्याकडून मागून आणावे, त्यांस पैसे पडत नाहींत. रोपांस पहिलीं दोन वर्षें गुरांपासून जपावें आणि पहिल्या उन्हाळ्यांत आठवड्यास एक-दोन वेळां घागरभर पाणी घालावें.