न्याय दारी यावा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्या मंडणगड तालुक्यातले. त्याच मंडणगडात १२ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

गवईंचा जन्म १९६० सालचा, अमरावतीचा. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन चळवळीतले नेते. मुलाला व्हायचे होते वास्तुशिल्पकार. वडिलांच्या इच्छेखातर तो वकील झाला. १९८५ मध्ये वकिली, पुढे नागपुरात सरकारी वकील, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय. मे ते नोव्हेंबर २०२५ ते सरन्यायाधीश होते. त्या पदावरचे पहिले बौद्ध.

त्यांचा नोव्हेंबर २०२४ चा एक निकाल सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. केवळ आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही. बांधकाम बेकायदा असले तरी आधी पंधरा दिवसांची नोटीस हवी. रस्ते, नदीपात्र यांतली अतिक्रमणे तेवढी वगळली. घर काही एकट्या आरोपीचे नसते. त्यात म्हातारी आई असते, शाळकरी पोर असते.

ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याची उच्च न्यायालयातली प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. पण मंडणगडकराला मुंबई काय नि कोल्हापूर काय, दोन्ही लांबच. बांधाचा तंटा, जमिनीची वाटणी यांसाठी त्याला तालुक्याचेच न्यायालय हवे. इमारत उभी राहिली. आता तारखांवर तारखा न पडता निकाल मिळावेत, एवढीच अपेक्षा.