उलटी बाजू दाखव बघू!

वीकेंडला मॉल, मूव्ही, पिझ्झा... सगळं करून झालं? मग या वेळी हातात सुई घ्या!

एका ऑफिसचा ‘ट्रॅडिशनल डे’ कव्हर करायला जायचं होतं आणि माझ्याकडे साडी नव्हती. म्हणून आजीचं कपाट उघडलं. तळाशी एक काळी इरकल सापडली. अंगभर बारीक हत्ती, गोपुरं, दिवे. पदराजवळ मात्र तुळशी वृंदावन अर्धंच भरलेलं.

‘‘तुझ्या लग्नासाठी काढत होते गं. मग डोळ्यांनी साथ सोडली,’’ आजी म्हणाली.

‘‘लग्नाचं माहीत नाही, पण साडी मी पूर्ण करते!’’ मी उत्साहात बोलून गेले.

आजी हसली. ‘‘आधी रुमाल भरून दाखव.’’

आजीचं माहेर धारवाडचं. साडीवरचं काम म्हणजे तिकडची ‘कसुती’. या कलेला 2006 मध्ये जीआय मानांकन मिळालंय. पण तिथवर पोहोचायला आजीचा सिलॅबस आहे. तो तुमच्यासाठीही!

शॉपिंग लिस्ट

तुळशीबागेत किंवा दादर मार्केटमध्ये एक चक्कर मारा. लाकडी रिंग, लांबट नेढ्याच्या सुया, छोटी कात्री, पिवळा कार्बन आणि भरतकामाच्या चार-पाच लड्या. एका लडीत आठ मीटर दोरा असतो आणि त्याला सहा तारा असतात. नाजूक फुलांसाठी त्यातल्या दोनच तारा सोडवून घ्यायच्या. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत पुरे. लांब घेतलात की गुंता झालाच म्हणून समजा! सुती कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटतं आणि फुलं चुरगळतात. लाल दोऱ्याची लडी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर ती बाजूला ठेवा.

पहिला शनिवार : रुमाल

कोपऱ्यात एक डहाळी काढा. देठाला स्टेम स्टिच, पाकळ्यांना लेझी डेझी, मध्ये फ्रेंच नॉट. लेझी डेझी म्हणजे साखळी टाक्याचा एकच सुटा वेढा, टोकाला छोट्या टाक्याने अडकवलेला. असे पाच गोल मांडले की फूल तयार. फ्रेंच नॉटसाठी सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्या आणि जिथून दोरा वर आला त्याच्या अगदी शेजारी सुई खाली न्या. त्याच भोकात नेलीत तर गाठ गडप! माझ्या पहिल्या चार गडप झाल्या.

दुसरा शनिवार : जुनी जीन्स

मागच्या खिशावर साखळी टाक्याची वेल. जाड कापड, त्यामुळे तीन तारा घ्या. खिसा शिवून बंद होऊ नये म्हणून आत पुठ्ठा सरकवा. हा सल्ला अनुभवातून आलाय, जास्त विचारू नका.

तिसरा शनिवार : कसुतीचा बुकमार्क

इथे कार्बन नाही, छापा नाही. कापडाचे धागे मोजायचे. म्हणून सुरुवात मॅटीच्या कापडावर, चौकटी सहज दिसतात. मुख्य टाके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथीदाण्यासारखी फुली. गवंती सगळ्यात सोपा. एक चौकट वर, एक चौकट खाली असा धावदोरा घालत जायचं आणि त्याच रेषेवरून परत येताना मोकळ्या जागा भरायच्या. रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. हाच टाका पायऱ्यांसारखा चढवलात की मुरगी.

गाठ मात्र मारायची नाही. शेपूट मोकळं सोडून परतीच्या टाक्यांखाली दडवायचं.

बुकमार्क घेऊन मी आजीकडे गेले. आता तिला बारीक काम दिसत नाही. तिने तो उलटा केला आणि मागून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला. ‘‘गाठ मारलीस. उसव.’’

‘‘अगं आजी, मागचं कोण बघतंय?’’

‘‘मी बघतेय ना!’’

दिवसभर मी कॉपी पाठवते, एडिटर मान्य करतात, विषय संपतो. मागे किती गुंता होता ते कुणी विचारत नाही. इथे विचारणारी एकच व्यक्ती होती आणि तिला अंगठ्याने सगळं कळत होतं. मी तीनदा उसवलं.

गेल्या रविवारी शेवटी ती इरकल रिंगमध्ये लावली. तिचे धागे मॅटीपेक्षा कितीतरी बारीक. दोन तासांत वृंदावनाची एकच पायरी झाली. आजीने साडी उलटी केली. अंगठा तिच्या जुन्या टाक्यांवरून निघाला, माझ्या टाक्यांवर आला आणि न थांबता पुढे गेला.

आजी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘चहा टाक. अजून सहा पायऱ्या राहिल्यात.’’