सी अर्चिन: पाच दातांचा काटेरी जीव

आमच्या देवणीपासून समुद्र फार लांब. पण शेजारी उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी पुतणी घरी आली की गप्पा पाण्यातल्या जिवांवरच जातात. परवा विषय निघाला सी अर्चिनचा.

रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला मी तो पाहिलाय. कपारीत घट्ट बसलेला, काळपट जांभळे काटे. तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात. ते झिजतात तसे वाढतही राहतात, म्हणून खडकावरचं शेवाळ आयुष्यभर खरवडता येतं.

जपानात याला मोठी मागणी. खातात त्या आतल्या पाच पिवळ्या-नारिंगी प्रजननग्रंथी. म्हणून त्याची शेतीही होते.

बाहेरून नर-मादी ओळखू येत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं की अंडी किंवा शुक्राणू बाहेर पडतात, तेव्हा कळतं! पाण्यातच फलन होतं. पिल्लू आईबापासारखं मुळीच दिसत नाही. पारदर्शक, काही आठवडे तरंगत सूक्ष्म शेवाळ खातं, मग तळाशी बसून रूप पालटतं. संगोपनातला हाच टप्पा सगळ्यात नाजूक. मला तर सगळ्यात विलक्षणही हाच वाटतो.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, पुतणीला गाठून उत्तर देतो.