एक दोष, तीन दुरुस्त्या

स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजण्यापूर्वी आपण त्याची शून्य त्रुटी पाहतो आणि वहीत नोंदवतो. आता असे समजा की, ही नोंद करून तुम्ही क्षणभर मान वळवलीत आणि तेवढ्यात शेजारच्या गटाने तुमचा स्क्रू गेज उचलून त्या जागी आपला ठेवला. पुढची सर्व निरीक्षणे तुम्ही काळजीपूर्वक घेतलीत, आकडेमोडही बिनचूक केलीत, तरी उत्तर चुकणारच! तुमच्या तपासणीत काही खोट नव्हती. पण तपासली एक वस्तू आणि वापरली दुसरी. तपासणे आणि वापरणे या दोन क्रियांच्या मध्ये जी फट राहिली, तिच्यातून चूक आत शिरली.

जगभर लक्षावधी संगणकांत चालणाऱ्या एका कार्यप्रणालीत नेमकी अशीच एक फट अनेक वर्षे राहून गेली होती. ती कशी होती आणि बुजवताना काय काय घडले, हे आज पाहू.

संगणकाचे सर्व कामकाज ज्या मूळ प्रणालीच्या देखरेखीखाली चालते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्स ही अशीच एक कार्यप्रणाली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स याने विद्यार्थिदशेत असताना १९९१ मध्ये तिची सुरुवात केली. आज मोठमोठ्या संगणककेंद्रांपासून अँड्रॉइड फोनपर्यंत तिचा संचार आहे. तिच्या गाभ्याला कर्नल असे नाव आहे. एका संगणकावर अनेकजण काम करत असतील, तर कोणी कोणती फाइल वाचावी आणि कोणी तीत बदल करावा, हे कर्नल ठरवतो. सामान्य वापरकर्त्याला थोडे अधिकार असतात. 'रूट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुख्य चालकाला सर्व अधिकार असतात. सामान्य माणसाला आडमार्गाने मुख्य चालकाचे अधिकार मिळवता येतील असा दोष राहिला, तर कुलपे, परवलीचे शब्द, सारे व्यर्थ. शाळेच्या कार्यालयाची किल्ली वाटेल त्याच्या हाती पडल्यासारखेच ते आहे.

आता एका ग्रंथालयाची कल्पना करा. तेथे एक मौल्यवान ग्रंथ आहे. तो कोणीही वाचावा, पण त्यावर लिहू नये, असा नियम आहे. ज्याला पानावर खुणा करायच्या असतील त्याला त्या पानाची प्रत काढून मिळते. ती त्याच्या नावाच्या कप्प्यात ठेवतात. मात्र लिहिण्याचे काम वाचक स्वतः करत नाही. तो चिठ्ठी देतो आणि ग्रंथपाल लिहितो.

तुम्ही चिठ्ठी दिलीत : 'पान ४० हवे, लिहिण्यासाठी.' ग्रंथपालाने नियमाप्रमाणे पानाची प्रत काढून तुमच्या कप्प्यात ठेवली. प्रत तर झाली, आता पुन्हा काढायला नको, म्हणून त्याने चिठ्ठीवरील 'लिहिण्यासाठी' हा शब्द खोडला. एवढ्यात तुमच्याच सांगण्यावरून तुमच्या मित्राने दुसऱ्या खिडकीवर सांगितले, "आमच्या कप्प्यातली प्रत आता नको, टाकून द्या." तेथल्या कारकुनाने ती टाकून दिली. त्यातही काही गैर नव्हते. प्रत तुमचीच होती. आता ग्रंथपाल कप्प्याशी येतो, तो कप्पा रिकामा! तो चिठ्ठी पाहतो. तीवर फक्त 'पान ४० हवे' एवढेच उरले आहे. नुसते वाचायला द्यायचे तर मूळ ग्रंथ चालतो, म्हणून तो मूळ ग्रंथ काढतो. आणि लिहायचे काम हाती घेतलेलेच असल्यामुळे त्या मूळ पानावरच शाईने लिहून मोकळा होतो!

गंमत अशी की, येथे कोणीही एकट्याने नियम मोडलेला नाही. प्रत्येक पायरी आपापल्या जागी योग्य आहे. चूक आहे ती दोन पायऱ्यांमधल्या फटीत.

ग्रंथपालाच्या जागी कर्नल ठेवा, ग्रंथाच्या जागी केवळ मुख्य चालकाने बदलावी अशी फाइल ठेवा आणि कप्प्याच्या जागी संगणकाची स्मृती ठेवा. म्हणजे खरा दोष तुमच्या ध्यानात येईल. लिहायची वेळ आली की मगच प्रत काढायची, या युक्तीला 'कॉपी ऑन राइट' म्हणतात. या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडली की 'काऊ' हा शब्द तयार होतो. हा चिऊताईचा काऊ नव्हे. इंग्रजीतला काऊ म्हणजे गाय! म्हणून या दोषाचे नाव पडले 'डर्टी काऊ'.

मित्राने प्रत टाकून देण्याची वेळ नेमकी जुळावी लागते, मग हे घडणार कसे, असे तुम्ही विचाराल. समजा, लाखात एकदाच वेळ जुळते. माणूस कंटाळून जाईल. संगणक मात्र दोन्ही कामे न थकता पुन्हा पुन्हा करतो, त्यामुळे तो लाखावा प्रयत्न थोड्याच वेळात येतो. दोन क्रियांच्या अशा चढाओढीतून उद्भवणाऱ्या दोषाला शर्यतीचा दोष म्हणतात.

आता दुरुस्त्यांकडे वळू. पहिली दुरुस्ती २००५ सालची. टोरवाल्ड्सने स्वतःच ही फट ओळखून बुजवली होती. पण त्या बदलामुळे आयबीएमच्या एस-३९० या जातीच्या मोठ्या संगणकांवर अडचण आली आणि दुरुस्ती मागे घ्यावी लागली. अशी वेळ प्रत्यक्षात जुळणे तेव्हा केवळ कागदावरचीच शक्यता वाटत होती. पुढे कर्नल एकाच वेळी अधिकाधिक कामे सांभाळू लागला, तसतशी शर्यत जुळणे सोपे होत गेले. २००७ पासूनच्या लिनक्सच्या आवृत्त्यांत हा दोष राहिला.

२०१६ मध्ये फिल ओस्टर या तज्ज्ञाला तो सापडला, तोही चोराच्या पावलांवरून. आपल्या सर्व्हरवर बाहेरून येणारी माहिती तो नोंदवून ठेवत असे. सर्व्हरवर घुसखोरी झाली तेव्हा त्या नोंदींतून घुसखोराचे हत्यारच त्याच्या हाती लागले. प्रयोगवही नीट ठेवा, असे आम्ही शिक्षक का सांगतो, ते यावरून कळेल!

दुसरी दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. मोजक्या ओळींचा हा बदल पुन्हा टोरवाल्ड्सनेच केला. आपल्या ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर, आता ग्रंथपाल 'लिहिण्यासाठी' हा शब्द खोडत नाही. त्याशेजारी 'प्रत काढली' असे लिहितो. शिवाय लिहिण्यापूर्वी हातातल्या पानावर प्रतीचा शिक्का आहे ना, हे पाहतो. शिक्का नसेल, तर पुन्हा प्रत काढतो. म्हणजे तपासणी आता त्याच पानाची होते, ज्यावर लिहायचे आहे.

मग काम संपले का? नाही. स्मृतीची पाने साधारणतः ४०९६ बाइटची असतात. पण सोयीसाठी २ मेगाबाइटची, म्हणजे ५१२ पट मोठी पानेही वापरतात. या मोठ्या पानांच्या बाबतीत प्रत न काढताही तो शिक्का पडू शकतो, हे बिंडेसी या संस्थेतील संशोधकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवून दिले. शिक्का हा प्रतीचा पुरावाच राहिला नाही! याची झळ पहिल्या दोषापेक्षा कमी होती, कारण डिस्कवरील साध्या फाइली अशा रीतीने बदलता येत नव्हत्या. तरीही तिसरी दुरुस्ती करावी लागली.

कापडाला लावलेले ठिगळ डोळ्यांना दिसते. संगणकातले दिसत नाही. त्याची ताकद ते ज्या गृहीतकावर उभे असते तेवढीच. 'शिक्का म्हणजे प्रत' हे गृहीतक लहान पानांना लागू होते, मोठ्यांना नव्हते.

आणखी एक गोष्ट राहिली. दुरुस्ती तयार होणे वेगळे आणि ती प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचणे वेगळे. सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे दुसरी दुरुस्ती होऊन जवळजवळ वर्ष लोटल्यावर, ट्रेंड मायक्रो या कंपनीला झेडएनआययू नावाचा उपद्रवी प्रोग्राम आढळला. तो याच दोषाचा फायदा घेऊन अँड्रॉइड फोनचा ताबा मिळवत होता. चाळीसहून अधिक देशांत तो पसरला होता, पाच हजारांहून अधिक लोकांना त्याची बाधा झाली होती, आणि त्यांतील बहुसंख्य लोक चीन व भारत या दोन देशांतले होते. औषध निघाले होते; रोग्यांपर्यंत पोहोचले नव्हते. फोनवर 'अपडेट' करण्याची सूचना आली की आपण ती 'नंतर' म्हणून बाजूला सारतो. तेव्हा ही गोष्ट आठवावी.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न. एका खात्यात ५०० रुपये आहेत. दोघे भाऊ दोन खिडक्यांवर एकाच क्षणी प्रत्येकी ४०० रुपये मागतात. दोन्ही कारकून आधी शिल्लक पाहतात आणि मग पैसे देतात. काय होईल? आणि तसे होऊ नये म्हणून तुम्ही कोणता नियम कराल? उत्तर सापडले की लगेच वही मिटू नका. एका खिडकीवर धनादेश आणि दुसरीवर रोख, असे असले तरी तुमचा नियम टिकतो का, हेही तपासून पाहा.