गोंदिया जिल्ह्यातील पूर व्यवस्थापन

गोंदिया जिल्ह्यातील पूर व्यवस्थापन प्रामुख्याने वैनगंगा व तिची उपनदी बाघ यांच्या पुरांशी निगडित आहे. वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात होतो. तेथील संजय सरोवरातून विसर्ग वाढल्यास गोंदियात पाऊस नसतानाही नदीकाठच्या गावांना पुराचा धोका संभवतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी व धरणांतील विसर्गामुळे वैनगंगेला मोठा पूर आला. म्हणूनच पाण्याआधी इशारा पोहोचणे हा येथील पूर्वतयारीचा गाभा होय. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. पूर ओसरल्यावर पिकांचे व घरांचे पंचनामे होतात. दूषित पाण्यातून रोग पसरू नयेत यासाठी विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकली जाते.