प्रवासी डब्यांच्या प्रतिकृती आणि त्यांचा इतिहास : दख्खनची राणी ते कोकणकन्या

प्रस्तावना :

रेल्वेची प्रतिकृती म्हटली की सर्वप्रथम इंजिनाचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. प्रतिकृती करणाऱ्यांचा भरही बहुधा इंजिनावरच असतो. इंजिनाचा वर्ग, त्याची अश्वशक्ती, त्याचे निर्मितीवर्ष यांविषयी चोखंदळपणे बोलणारा अभ्यासकसुद्धा इंजिनामागे जे डबे जोडतो ते मात्र दुकानात मिळतील ते, हाताशी असतील ते. वास्तविक समाजाचा रेल्वेशी आलेला संबंध हा डब्यातला आहे. कोण कोणत्या वर्गातून प्रवास करीत होता, लाकडी फळीवर निजत होता की गादीवर, खिडकीला गज होते की बंद काच, हा इतिहास डब्याच्या रचनेत साठवलेला असतो. म्हणून प्रवासी डब्याची प्रतिकृती तिच्या ऐतिहासिक मूळ डब्याशी कशी पडताळावी, हा प्रश्न केवळ छंदाचा राहत नाही. प्रस्तुत लेखात दख्खनची राणी आणि कोकणकन्या या दोन गाड्यांच्या आधारे या पडताळणीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रात या छंदाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांना द्यावे लागेल. त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय कोथरूड परिसरात १९९८ मध्ये सुरू झाले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला तेही हेच वर्ष. अर्थात हा निव्वळ योगायोग होय. परंतु सिंधुदुर्गातील मुलांनी खरी गाडी आणि पुण्यातील मुलांनी तिची प्रतिकृती एकाच सुमारास डोळे भरून पाहिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

प्रमाणाचा प्रश्न :

जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले प्रतिकृतीचे प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते. त्यात मूळ वस्तूच्या एकसत्याऐंशीअंश, म्हणजे १:८७ या प्रमाणात रचना केली जाते. जोशी यांचे संग्रहालयही याच प्रमाणातील आहे. एचओ रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्यास ८७ ने गुणिले असता १४३५ मिलिमीटर हे उत्तर येते, आणि ते युरोप-अमेरिकेतील प्रमाण गेजचे माप आहे. भारतीय ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याची एचओ प्रतिकृती करावयाची तर रुळांमधील अंतर सुमारे १९.३ मिलिमीटर हवे. तसे तयार रूळ बाजारात सहजासहजी मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय गाडीची एचओ प्रतिकृती बहुधा युरोपीय रुळांवर उभी असते आणि रुळांच्या मानाने डबा फारच रुंद दिसतो.

ही तडजोड अपरिहार्य म्हणून मान्य करता येईल. परंतु युरोपीय डबा विकत घेऊन त्यावर केवळ भारतीय रंग चढविण्याची जी प्रथा आहे, ती मान्य करता येत नाही. युरोपातील प्रचलित लांब डब्याची लांबी २६.४ मीटर आणि रुंदी सुमारे २.८ मीटर असते. पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, म्हणजे आयसीएफ डबा २१.३ मीटर लांब व ३.२४५ मीटर रुंद आहे. एचओ प्रमाणात युरोपीय डब्याची रुंदी ३२ मिलिमीटरच्या आसपास भरते, तर आयसीएफ डब्याची ३७ मिलिमीटर. हा पाच मिलिमीटरचा फरक दिसावयास किरकोळ आहे. परंतु बाकाच्या एका बाजूस तिघे आणि मार्गिकेपलीकडे आणखी एक, अशी भारतीय शयनयानाची जी मांडणी आहे ती याच रुंदीत सामावते. रंग कितीही हुबेहूब असला तरी अरुंद डब्यात ही मांडणी बसत नाही.

एका गाडीची अनेक रूपे :

प्रतिकृतीकाराने स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न 'कोणती गाडी?' हा असून, दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न 'कोणत्या वर्षीची?' हा आहे. दख्खनच्या राणीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्या सात-सात डब्यांच्या दोन स्वतंत्र जोडण्या होत्या. एकीचा रंग रुपेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या. दुसरीचा रंग गर्द निळा, त्यावर सोनेरी रेषा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये तयार झाले, तर वरचे भाग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या माटुंगा कार्यशाळेत बांधले गेले. प्रारंभी या गाडीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ रोजी तिच्यातील पहिला वर्ग रद्द होऊन दुसऱ्या वर्गालाच पहिला वर्ग असे नाव मिळाले. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीत प्रवेश मिळण्यास जून १९५५ उजाडावा लागला. म्हणजे तब्बल पंचवीस वर्षे सामान्य माणसाने ही गाडी फलाटावरून पाहिली!

पुढे १९६६ मध्ये मूळ डब्यांच्या जागी पेरांबूरचे पोलादी डबे आले. एप्रिल १९७४ मध्ये तिसऱ्या वर्गाचे नाव 'दुसरा वर्ग' झाले. १९९५ मध्ये एअर ब्रेक असलेले डबे आले आणि जून २०२२ मध्ये एलएचबी प्रकारचे. सात डब्यांची गाडी दरम्यानच्या काळात बारा व नंतर सतरा डब्यांची झाली होती.

आता एखाद्या प्रदर्शनात 'दख्खनची राणी, १९३०' अशी पाटी लावून पेरांबूरच्या धर्तीचे पोलादी डबे मांडले, तर त्यात नेमके काय चुकते? पेरांबूरच्या कारखान्याचे उद्घाटनच २ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले. स्वित्झर्लंडमधील श्लिरेन येथील कंपनीच्या तंत्रज्ञानावर तो उभा राहिला. म्हणजे पाटीवरील साल आणि डब्याचा साचा यांत किमान पाव शतकाचे अंतर पडते. १९५० च्या पाटीखाली तिसऱ्या वर्गाचा डबा मांडणे ही चूक मात्र याहून गंभीर म्हटली पाहिजे. पहिली चूक तंत्राच्या इतिहासाविषयी आहे. दुसरीत सामाजिक विषमतेचा एक कालखंडच पुसला जातो.

येथे आंतररचनेचाही विचार करावा लागतो. सिंधुदुर्गच्या वाचकास त्यातील एक तपशील विशेष जवळचा वाटेल. राजापूर मतदारसंघाचे खासदार प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा मालवणसह मोठा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात आणि त्यांच्या मतदारसंघात होता. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसविण्याचा निर्णय त्यांच्या कारकिर्दीत झाला. २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झालेली मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही या सुधारणेची पहिली ठळक खूण होय. दोन इंच म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर. एचओ प्रमाणात जेमतेम अर्धा मिलिमीटर. एका जाड कागदाइतकी ही पट्टी बाकावर चिकटवावयाची की नाही, हे प्रतिकृतीच्या सालावर अवलंबून राहील. १९७५ च्या शयनयानात ती असता कामा नये.

कोकणकन्येचे डबे :

सिंधुदुर्गात रेल्वे उशिरा आली. बोट आणि एस.टी. यांवर पिढ्यान्पिढ्या विसंबलेल्या या जिल्ह्यात चाकरमान्यांच्या प्रवासाचे स्वरूप कोकण रेल्वेने पालटले. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली आणि १ मे १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण करण्यात आला. हा इतिहास अवघ्या काही दशकांचा असल्यामुळे त्याच्या प्रतिकृती करणे सोपे असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे नाही. जवळच्या काळाची नोंद ठेवावी असे कोणास वाटत नाही.

कोकणकन्या एक्स्प्रेस आणि मांडवी एक्स्प्रेस या गाड्या २०१९ पर्यंत आयसीएफ डब्यांच्या होत्या. त्या वर्षी त्यांना एलएचबी डबे जोडले गेले. या दोन प्रकारांतील भेद केवळ रंगाचा नाही. आयसीएफ डब्याची लांबी एचओ प्रमाणात २४५ मिलिमीटर भरते, तर २३.५४ मीटर लांबीच्या एलएचबी डब्याची २७१ मिलिमीटर. म्हणजे प्रतिकृतीत एका इंचाचा फरक पडतो. आयसीएफच्या शयनयानात नऊ कप्पे व ७२ जागा असतात, एलएचबीच्या शयनयानात दहा कप्पे व ८० जागा. आयसीएफ डब्यालाच लाल-करडा रंग देऊन 'आजची कोकणकन्या' म्हणावयाचे, तर त्यात आठ प्रवाशांना जागाच उरत नाही.

डब्याखालील चाकांच्या सांगाड्यास तांत्रिक परिभाषेत बोगी म्हणतात. (बोलीत आपण संपूर्ण डब्यालाच बोगी म्हणतो, प्रतिकृतीच्या अभ्यासात मात्र हा सैलपणा घोटाळ्यास कारण होतो.) आयसीएफ बोगीच्या दोन आसांमधील अंतर २८९६ मिलिमीटर, तर एलएचबीच्या बोगीत ते २५६० मिलिमीटर आहे. एका डब्याच्या दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधील अंतर मात्र दोन्हींत जवळजवळ सारखेच आहे : १४,७८३ आणि १४,९०० मिलिमीटर. याचा अर्थ एलएचबी डब्याची वाढीव लांबी प्रामुख्याने बोगींच्या पलीकडे, दोन्ही टोकांकडे गेलेली आहे. आयसीएफ प्रतिकृती मध्ये कापून एक कप्पा वाढविला की एलएचबी तयार होते, ही कल्पना म्हणूनच फसवी ठरते. शिवाय आयसीएफ डब्यांच्या टोकांना सामान्यतः दोन बफर दिसतात. एलएचबी डब्यांना ते नसतात. त्यांची जोडणी मधल्या कपलिंगने होते.

इंजिन आणि डबे यांची सांगडही तपासावी लागते. कोकण रेल्वे मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे कुडाळ स्थानकात आयसीएफ डब्यांची कोकणकन्या विजेच्या इंजिनासह उभी आहे, असा देखावा इतिहासात कधीच घडलेला नाही. एलएचबी डबे आणि डिझेल इंजिन ही जोडी मात्र २०१९ नंतरच्या काही वर्षांत प्रत्यक्षात होती. हा अल्पसा काळ कोणी प्रतिकृतीत उतरविला, तर ती एक मौलिक नोंद ठरेल.

पुराव्याची साधने :

खरा डबा स्वतःविषयी बरेच काही सांगत असतो. त्याच्या अंगावरील क्रमांकाचे पहिले दोन अंक सामान्यतः निर्मितीचे वर्ष दर्शवितात. ९७ ने सुरू होणारा क्रमांक १९९७ चा. अक्षरसंकेतही बोलके असतात. 'जीएससीएन' म्हणजे दुसऱ्या वर्गाचे त्रिस्तरीय शयनयान. त्याच डब्याची एलएचबी आवृत्ती 'एलडब्ल्यूएससीएन'. गाडीचे क्रमांक डिसेंबर २०१० मध्ये चार अंकांवरून पाच अंकी झाले. मुंबईच्या स्थानकाचे व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १९९६ मध्ये बदलले व २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द समाविष्ट झाला. तेव्हा डब्यावरील पाटीचे छायाचित्र मिळाले, तर त्याचा कालखंड बऱ्याच अंशी निश्चित करता येतो.

रंगाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. विटकरी-तांबडा रंग जाऊन निळा रंग १९९० च्या दशकात रूढ होत गेला. परंतु असे बदल एका दिवसात होत नाहीत. संक्रमणाच्या काळात एकाच गाडीत दोन्ही रंगांचे डबे धावत असत. कोकण रेल्वेचा प्रारंभ नेमका याच काळातला. सर्व डबे एकरंगी करून टाकणे नेत्रसुखद असेल, पण छायाचित्राचा आधार असल्याशिवाय तसे करू नये.

लांबीबाबत मात्र सवलत घ्यावीच लागते. बावीस एलएचबी डब्यांची गाडी प्रत्यक्षात सुमारे ५२८ मीटर, तर एचओ प्रमाणात सहा मीटरहून लांब भरते. घरातील खोलीत ती मावणार नाही. सहा-सात डब्यांत गाडी दाखविणे क्षम्य होय, परंतु त्या सहांत कोणते डबे निवडावयाचे, येथे कर्त्याची दृष्टी कळते. वातानुकूलित डबे देखणे म्हणून घ्यावयाचे आणि अनारक्षित डबा गाळावयाचा, असे करू नये. गणेशोत्सवात ज्या डब्याच्या दारात उभे राहून चाकरमानी गावी येतो, तोच वगळला तर ती कोकणची गाडी कशी म्हणावी?

स्थानिक शक्यता :

पेरांबूर येथील आयसीएफ प्रकारच्या डब्यांची निर्मिती जानेवारी २०१८ मध्ये थांबली. प्रवासी वाहतुकीतून बाद झालेल्या अनेक डब्यांच्या खिडक्या बंद करून त्यांतून मोटारी वाहून नेल्या जातात, तर उरलेले भंगारात निघतात. ज्या डब्यांतून सिंधुदुर्गाने आपला पहिला रेल्वेप्रवास केला, ते डबे अशा रीतीने दृष्टिआड होत आहेत. त्यांची छायाचित्रे घराघरांतील जुन्या अल्बममध्ये, लग्नाच्या वऱ्हाडाच्या वा सुटीतील प्रवासाच्या निमित्ताने काढलेली, विखुरलेली असणार. ती जमविण्याचे काम इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना देता येईल. मापांचे गणित विज्ञान शाखेने करावे. प्रत्यक्ष घडणीसाठी सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळण्यांचे कसबी कारागीर दूर नाहीत. लाकूड कातणे आणि लाखकामाने रंगविणे हे त्यांचे पिढीजात कौशल्य आहे. एचओ प्रमाणातील सूक्ष्म काम लाकडात अवघड असले, तरी १:३२ सारख्या मोठ्या प्रमाणात आयसीएफ डबा सुमारे ६७ सेंटिमीटर लांबीचा होतो आणि त्यात कप्पे, बाके, खिडक्यांचे गज व ती गादीची पट्टीही हाताने घडविता येते. असा एक डबा, त्याखाली गाडीचे नाव, डब्याचा संकेत आणि साल यांची नेमकी पाटी, एवढ्यापासून महाविद्यालयीन संग्रहाचा प्रारंभ होऊ शकेल.