रक्ताच्या हिशेबात कोणाला धरले, कोणाला वगळले?

वस्तीत एखादा तरणाताठा पोरगा खेळता खेळता कोसळला की बायाबापड्या म्हणतात, "दृष्ट लागली." शिकलेले म्हणतात, "अटॅक आला असेल." तिसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हृदयाचा स्नायू आतून जाड होत जाण्याचा एक आजार आहे आणि तो पुष्कळदा आईबापांकडून मुलांत उतरतो. जनुक म्हणजे शरीर घडविणारी लेखी आज्ञाच. तिच्यात एखादे अक्षर चुकले तरी पुरते.

अक्षर बदलल्याचे रक्ततपासणीत कळते. पण तो बदल घातक की निरुपद्रवी, हे कसे ठरवायचे? निरोगी माणसांतही तो बऱ्याच जणांत आढळला, तर तो घातक नाही, असा सरळ हिशेब. आता ही निरोगी माणसे कोणाची घेतली, इथेच सारी गोम आहे.

अमेरिकेत काही काळ्या रुग्णांना "तुमच्या जनुकात या आजाराचे कारण सापडले," असे अहवाल मिळाले. २०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी फेरतपासणी केली, तेव्हा उघड झाले की त्यांतले काही बदल काळ्या समाजातील निरोगी माणसांतही सर्रास असतात. पूर्वीच्या तुलनेत काळी माणसे पुरेशी धरलीच नव्हती. थोडी जरी धरली असती तरी चूक टळली असती, हेही त्यांनी आकडेमोडीने दाखवले. आम्ही पेशाने कारकून. खतावणीत ज्याचे पान नाही, त्याच्या नावावर भलतीच रक्कम चढते, हे आम्हाला नवे नाही.

आपल्या देशाचे पान तर उशिराच उघडले. हृदयस्नायूच्या एका जनुकातून २५ अक्षरे गळालेली माणसे भारतीय उपखंडात शंभरात सुमारे चार आहेत, हे २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबीतील व इतर संशोधकांनी दाखवले. युरोपीय लोकांत हा बदल जवळजवळ नाही. त्यामुळे उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो, असा तेव्हाचा निष्कर्ष होता. २०२० साली अधिक बारकाईने पाहिल्यावर कळले की स्नायू जाड होण्याच्या आजारात खरा दोषी त्याच जनुकातला दुसराच एक बदल आहे. तो या चौघांपैकी सर्वांत नसतो. म्हणजे या आजारापुरती तरी नुसत्या २५ अक्षरांची भीती उरली नाही. जानेवारी २०२५ मध्ये देशभरातील सुमारे १०,००० जणांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली झाली. दीडशे कोटींच्या देशात ही सुरुवातच म्हणायची.

तोवर आपण काय करावे? घरातले कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर त्याच्या भावंडांचा व मुलांचा ईसीजी आणि इको सरकारी रुग्णालयात जरूर करून घ्यावा. जाड झालेला स्नायू इकोत दिसतो. त्यासाठी महागड्या जनुक तपासणीची वाट पाहायला नको. एकदा इको चांगला आला तरी पुन्हा केव्हा यायचे ते विचारून घ्यावे. आणि डॉक्टरांना मृताचे वय, नाते व तो काय करताना कोसळला, हे नीट सांगावे. दृष्टीची गोष्ट सांगू नये.